पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस ठीक आहे?

लाइट गेली, यूपीएस बीप बीप करू लागला, मॉनिटर तसाच चालू राहिला आणि टेबलाखालचा पीसी मात्र बंद होऊन पुन्हा सुरू झाला. 2012 साली लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून मी हा पीसी जोडला होता. गेले दोन महिने व्हिडिओ एक्सपोर्ट करताना तो मध्येच बंद पडत होता. तेवढ्यात दोनदा विंडोज टाकून झालं, रॅम बदलली, आणि ‘मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या’ हेही ऐकून झालं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! चांगले चालू शकणारे कितीतरी पीसी अशा अंदाजपंचे निदानामुळे भंगारात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लाइट गेल्यावर पीसी रीस्टार्ट झाला की पहिला संशय यूपीएसच्या बॅटरीवर जातो. पण त्याच यूपीएसवरचा मॉनिटर चालू राहिला असेल, तर एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायकडे, बघायला हवं. यूपीएस बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंद पुरवठा तुटतो. तेवढा वेळ एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर साठवलेल्या विजेवर पीसी तगवून धरतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर सुमारे 16-17 मिलिसेकंद तग धरतो. वयानुसार कपॅसिटरमधला द्रव सुकतो, साठवण घटते आणि एवढासा खंडही सोसवत नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. टेबलाच्या बंद खणात, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटचं मे महिन्यात काय होत असेल, याचा विचार करा.

‘पंखा फिरतोय, म्हणजे एसएमपीएस ठीक’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्यातून एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं. खरी परीक्षा लोडवर होते. चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरमध्ये मल्टिमीटरची काळी पिन काळ्या वायरवर आणि लाल पिन पिवळ्या वायरवर धरा. दोन्ही पिना एकमेकींना टेकू देऊ नका. पिवळ्यावर 12 व्होल्ट हवेत. 11.4 ते 12.6 चालतात. लाल वायरवर 4.75 ते 5.25. माझ्याकडे डेस्कटॉप नुसता उघडा असताना 11.9 होते, एक्सपोर्ट सुरू केल्याबरोबर 11.2 झाले आणि मिनिटभरात स्क्रीन काळी. आकडा बरोबर आला तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण व्होल्टेजमधली बारीक थरथर साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. शंका उरली तर ओळखीतला चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघा. आणि एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ राहते.

‘फॉरमॅट मारला की होईल ठीक.’ त्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तासभर काम करून बघा. तिथेही पीसी बंद पडला, किंवा बायोसच्या स्क्रीनवरच हँग झाला, तर विंडोजचा दोष नाही. उलट हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजत असेल, तर फॉरमॅटनं घरचे फोटोही जातात. म्हणून आधी डेटा दुसरीकडे उतरवा, मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत बघा. ‘पेंडिंग’ सेक्टर वाढत असतील तर डिस्क बदला. नुसत्या ‘सीआरसी’ चुका वाढत असतील तर बहुधा साटा केबल सैल किंवा खराब असते, आणि ती स्वस्तात मिळते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ दिसलं की ‘बघा, पॉवरचाच प्रॉब्लेम’ असं म्हणतात. या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. हँग झाल्यावर तुम्ही बटण दाबून धरलंत तरी हीच नोंद पडते. तिच्या आधीच्या मिनिटांत काय नोंदलंय ते वाचा. ‘व्हिआ-लॉगर’ची चूक दिसली, तर हार्डवेअरनं स्वतः तक्रार केली आहे.

रॅम खोडरबरनं पुसायचा उपाय अगदीच खोटा नाही. पीसी सुरूच होत नसेल, नुसता बीप देत असेल, तर सोनेरी पट्ट्यांवरचा थर निघून काम होतं. पण चालता चालता वेगवेगळ्या ब्लू स्क्रीन येत असतील, तर दोष रॅमच्या आत असू शकतो. मेमटेस्ट रात्रभर चालवा. एक चूक आली तरी ती फार झाली. मग एकेक रॅम वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून तपासा, म्हणजे रॅम दोषी की स्लॉट ते कळेल.

गरम झालेला प्रोसेसर थेट बंद पडतो असंही नाही. आधी तो स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे पीसी मंदावतो. तरीही उष्णता चढत गेली तरच वीज तोडतो. थर्मल पेस्ट सुकली असेल तर बदला, आणि कूलरच्या चारही प्लॅस्टिकच्या खुंट्या पक्क्या बसल्यात का ते बोटानं दाबून बघा. एक जरी उचकटलेली असेल तरी कूलर तिरका बसतो. तारीख मागे जात असेल तर सीआर2032 सेल बदला. चालू पीसी बंद पडण्याशी त्याचा सहसा संबंध नसतो.

माझ्या पीसीत शेवटी फक्त एसएमपीएस बदलला. तोच एक्सपोर्ट पुन्हा लावला, पिवळ्या वायरवर 12.1 होते आणि फाइल पूर्ण झाली. मग खराब समजून खणात टाकलेली जुनी रॅम काढून मेमटेस्टला लावली. सकाळी स्क्रीनवर चुकांच्या रकान्यात शून्य होतं. तीही परत बसवली.