पी-५३ प्रथिनाचा वेध घेणारे प्रतिपिंड

पी-५३ हे ३९३ अमिनो आम्लांचे प्रथिन १९७९ मध्ये ज्ञात झाले. डीएनएला इजा होताच पेशीविभाजन थांबविणे व इजा भरून न निघाल्यास पेशीस मृत्यूकडे नेणे, हे त्याचे कार्य होय. गंमत अशी की, आरंभी त्याची गणना कर्करोगास चालना देणाऱ्या प्रथिनांतच झाली होती.

निदानासाठी डीओ-७ हे मोनोक्लोनल प्रतिपिंड सर्रास वापरले जाते. मेणात बसविलेल्या ऊतीच्या कापावर ते पी-५३ ला चिकटते आणि पेशीकेंद्रकांत तपकिरी रंग उमटतो. मात्र गडद रंग म्हणजे संरक्षण भरपूर, असा अर्थ नव्हे. निरोगी पेशीत हे प्रथिन लवकर नष्ट होते, म्हणून रंग फिकट व विखुरलेला दिसतो. उत्परिवर्तित प्रथिन निकामी असूनही साचून राहते. काही उत्परिवर्तनांत प्रथिन तयारच होत नाही व अर्बुद कोरे राहते. शेजारच्या निरोगी पेशी रंगल्या असतील, तरच हा कोरेपणा विकृत मानावा. एरवी दोष रंगप्रक्रियेचा असू शकतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात वेगळाच प्रकार आढळतो. तेथे जनुक बहुधा शाबूत असते. पॅपिलोमा विषाणूचे ई-६ प्रथिन पी-५३ चा नाश घडविते. त्यामुळे डीओ-७ फारसे उपयोगी पडत नाही, पी-१६ चे प्रतिपिंड वापरावे लागते. आष्टीसारख्या ग्रामीण भागात मात्र विषाणूचीच चाचणी अधिक मोलाची. बीडलगतच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा एकाच चाचणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसले.