जात्यावरची ओवी आणि सीमेपलीकडचा निधी : पुणे जिल्ह्यातील पाच दशकांचा मागोवा

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता शिरूर आणि दौंड हे दोन तालुके जोडतो, आणि या पट्ट्यातील कलांचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या रसिकांनीच उचललेला आहे. यात्रेच्या तमाशाची सुपारी, म्हणजे ठरलेल्या बिदागीवर फडाला दिलेले निमंत्रण, गावच्या वर्गणीतून दिली जाते. चौफुल्याच्या कला केंद्रांतील संगीत बारी, म्हणजे बैठकीची लावणी सादर करणाऱ्या कलावती आणि वादक यांचा संच, बैठकीसाठी मोजलेल्या पैशावर आणि दौलतजाद्यावर, म्हणजे रसिकाने एखाद्या अदेवर खूश होऊन दिलेल्या रकमेवर, उभी राहते. भजनी मंडळे आणि हरिनाम सप्ताह घरोघरच्या शिध्यावर आणि देणगीवर चालतात. जात्यावरच्या ओवीला मात्र कधीच कोणी मोबदला दिला नाही, कारण पहाटे दळताना बाई ती स्वतःसाठी आणि जात्याशी बसलेल्या सखीसाठी गात असे. मराठी भूमीतील कलासंस्था आणि परदेशी संस्था यांच्या सहकार्याला मिळालेल्या निधीचा इतिहास पाहताना असे दिसते की त्यातील सर्वांत टिकाऊ काम या बिनमोबदल्याच्या गाण्यावरच झाले.

सीमेपलीकडच्या सहकार्याचा निधी म्हणजे दोन देशांतील संस्थांनी मिळून करावयाच्या कलाकार्यासाठी सरकार, प्रतिष्ठान किंवा आंतरराष्ट्रीय संघटना यांनी दिलेला पैसा. युरोपात त्याला स्थायी चौकट आहे : युरोपीय संघाच्या ‘क्रिएटिव्ह युरोप’ या कार्यक्रमात २०१४ ते २०२० या काळात लहान प्रकल्पासाठी किमान तीन देशांतील तीन संस्था एकत्र याव्या लागत, त्यांना जास्तीत जास्त दोन लाख युरो मिळत आणि एकूण खर्चाच्या ६० टक्क्यांहून अधिक वाटा संघ उचलत नसे, त्यामुळे उरलेली रक्कम उभी करणे ही भागीदारांची जबाबदारी ठरे. महाराष्ट्राच्या वाट्याला अशी चौकट आली नाही. येथे प्रत्येक सहकार्य व्यक्तींच्या ओळखीतून, एखाद्या वकिलातीच्या सांस्कृतिक केंद्रातून किंवा एखाद्या प्रतिष्ठानाच्या त्या काळच्या धोरणातून जुळले, आणि म्हणूनच त्याचा इतिहास सलग न होता तुकड्यातुकड्यांचा झाला.

पहिला तुकडा रंगभूमीचा आहे. भारताने १९७२ मध्ये पूर्व जर्मनीला राजनैतिक मान्यता दिली आणि त्या दशकात वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ मुंबईत विजया मेहता यांच्यासह काम करू लागले. ब्रेख्तच्या नाटकाचे चिं. त्र्यं. खानोलकर यांनी केलेले ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे रूपांतर याच सहकार्याचे फळ होय. पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, त्यावरून उठलेल्या वादानंतर मार्च १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि १९८० मध्ये तिने हे नाटक युरोपात नेले. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून या दौऱ्याला महाराष्ट्रात कडवा विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, ही बाब निधीच्या इतिहासातही महत्त्वाची आहे, कारण कोणती कलाकृती देशाबाहेर जावी हा निर्णय पैसा देणाऱ्याच्या हाती राहत नाही, तो मायदेशातील समाजाच्याही हाती जातो, हे तेथे प्रथमच इतके ठळक झाले. तरीही दौरा हा सहकार्याचा सर्वांत दिमाखदार आणि सर्वांत अल्पजीवी प्रकार आहे : प्रवास, मुक्काम आणि नेपथ्याची वाहतूक यांवर खर्च होतो, यजमान देशातील प्रेक्षक थक्क होतात, संस्थेचा लौकिक वाढतो, पण नट परतल्यावर मागे राहते ती कात्रणांची फाइल.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुण्यात वेगळ्या प्रकारचा पैसा येऊ लागला. भारतात १९५२ पासून कार्यालय असलेल्या फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी प्रतिष्ठानाने १९८५ ते १९९४ या काळात थिएटर अकॅडमीच्या दोन योजनांना साहाय्य केले. सतीश आळेकर यांनी आखलेल्या या योजनांपैकी एक नव्या नाटककारांच्या विकासाची होती, तर दुसरी पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यसंस्थांच्या बळकटीची. प्रयोगाऐवजी माणसांवर खर्च करणारी ही दृष्टी दौऱ्याच्या दृष्टीहून मूलतः भिन्न होती. याच सुमारास, १९८६ मध्ये, मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने आणि पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाच्या, म्हणजे जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या शाखेच्या, साहाय्याने बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची पद्धत मराठीत रुजू लागली. या पद्धतीत प्रौढ नट मुलांच्या भूमिका करतात आणि परीकथेऐवजी मुलांचे घरातले, शाळेतले, रस्त्यावरचे खरे प्रश्न रंगमंचावर येतात. श्रीरंग गोडबोले यांनी रूपांतरित केलेले ‘छान छोटे वाईट मोठे’ हे त्यातील सुरुवातीचे नाटक. जर्मन मदत प्रामुख्याने जाणकारांच्या येण्याजाण्यासाठी आणि कार्यशाळांसाठी होती, नाटके मात्र मराठी तिकिटावर चालली. म्हणून मदतीचा ओघ कमी-अधिक झाला तरी पद्धत टिकली, आणि पुढे मराठी लेखकांनी त्या वळणाची स्वतंत्र नाटकेही लिहिली. आगाशे यांना २००४ मध्ये मिळालेले गोएथे पदक हा या दीर्घ देवाणघेवाणीचाही सन्मान होता.

या दोन्ही प्रवाहांनी पुणे शहराला भरभरून दिले, मात्र ते शिरूर-दौंडपर्यंत पोहोचले नाहीत. परदेशी निधीसाठी प्रस्ताव इंग्रजीत लिहावा लागतो, नोंदणीकृत संस्था लागते, लेखापरीक्षण झालेला हिशेब लागतो, आणि यांतील एकही गोष्ट तमाशाच्या फडाजवळ किंवा संगीत बारीच्या मालकिणीजवळ नव्हती. त्यात दोष कलेचा नव्हता, निधीच्या दाराची उंचीच तशी होती.

ते दार गावाकडे उघडले ते गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या दोघांमुळे. फ्रान्समधून भारतात येऊन येथील नागरिकत्व स्वीकारलेले पॉइटवँ आणि त्यांच्या सहकारी राईरकर यांनी पुण्यात समाजशास्त्रीय सहकारी संशोधनाचे केंद्र उभारले, आणि मुळशी-मावळच्या डोंगरी भागातील गरिबांच्या संघटनकार्यातून त्यांचे लक्ष बायकांच्या ओव्यांकडे गेले. ओव्यांचे संकलन महाराष्ट्राला नवे नव्हते : साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या एकत्र केल्या होत्या आणि डॉ. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखालील राज्य लोकसाहित्य समितीने सरकारी पैशातून लोकगीतांचे मोठे भांडार छापले होते. पॉइटवँ-राईरकर यांचे वेगळेपण असे की त्यांनी ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदले, म्हणजे ओवी ‘अज्ञात लोककवी’च्या खात्यावर न टाकता ती रचणाऱ्या वा जपणाऱ्या बाईच्या नावे ठेवली, आणि संकलनाचे काम बाहेरून आलेल्या अभ्यासकांपेक्षा गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या, त्यातही स्त्रियांच्या, हातून करवून घेतले.

हे काम चालू झाल्यावर पैसा आला. १९९३ ते १९९८ या काळात युनेस्को, नेदरलँड्सचे विकास सहकार्य मंत्रालय आणि स्वित्झर्लंडचे शार्ल लेओपोल्ड मायर प्रतिष्ठान यांनी या प्रकल्पाला अर्थसाहाय्य दिले. एक आंतरराष्ट्रीय संघटना, एक सरकार आणि एक खासगी प्रतिष्ठान अशा तीन वेगळ्या स्वभावांच्या दात्यांनी पुणे जिल्ह्यातील शेतकरी-मजूर बायकांच्या गाण्यांसाठी एकत्र यावे, ही घटना मराठी सांस्कृतिक इतिहासात जितकी नोंदली जायला हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही. त्या पैशाचा उपयोगही मोलाचा झाला. हाताने उतरवलेल्या ओव्या संगणकावर देवनागरीत आल्या, विषयवार वर्गीकृत झाल्या, म्हणजे आई, भाऊ, सासर, राम-सीता, विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर अशा आशयसूत्रांनी शोधता येऊ लागल्या, आणि १९९० च्या दशकातच फ्रेंच संगीत-संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी गावांत जाऊन त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित केल्या. हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या या संग्रहात आल्या. शिरूर तालुक्यातील सविंदणे हे त्यांतील एक गाव, आणि तेथील बायकांचा आवाज या संग्रहातून आजही ऐकता येतो.

काळाचे भान येथे विसरता येत नाही. विजेच्या आणि डिझेलच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्यानंतर जाते कोपऱ्यात गेले, आणि दळणासोबत ओवीचे निमित्तही गेले. न्हावऱ्याच्या परिसरात सहकारी साखर कारखाना, ऊस आणि पाण्याच्या सोयी आल्या तेव्हा बायकांचे कष्ट संपले नाहीत, पण त्यांचे स्वरूप आणि वेळापत्रक पार बदलले. ज्या पिढीने जात्यावर प्रत्यक्ष गाणे म्हटले होते ती पिढी हयात असताना हे संकलन झाले. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या, म्हणजे वस्तूत नव्हे तर माणसांच्या कृतीत आणि स्मरणात जगणाऱ्या वारशाच्या, रक्षणाचा युनेस्कोचा करार २००३ चा आहे आणि तो २००६ मध्ये अमलात आला, तेव्हा हा निधी त्या कराराच्याही आधीचा होता. दहा वर्षे उशीर झाला असता तर अनेक गावांत चाल सांगायला कोणी उरले नसते, आणि ती हानी नंतरच्या कोणत्याही निधीने भरून निघाली नसती.

१९९८ नंतर पैसा थांबला. २००४ मध्ये पॉइटवँ आणि २०१० मध्ये राईरकर यांचे निधन झाले. संग्रह त्यानंतरही नष्ट झाला नाही, कारण त्यावर वर्षानुवर्षे खपलेले सहकारी तो सांभाळत राहिले आणि २०१७ मध्ये ‘पारी’, म्हणजे पी. साईनाथ यांनी स्थापन केलेले ग्रामीण भारताचे जनसंग्रहालय, याने तो टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला करण्यास आरंभ केला. कार्यकर्ते पुन्हा त्या गावांत गेले, हयात असलेल्या गायिकांना भेटले, त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती ओव्यांच्या शेजारी आल्या. निधी संपणे आणि काम लोकांपर्यंत पोहोचणे यांमध्ये जवळजवळ दोन दशकांचे अंतर पडले, आणि ते अंतर केवळ माणसांच्या निष्ठेने ओलांडले गेले. कोणत्याही दात्याच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रकाना नव्हता. दस्तऐवजीकरणाच्या प्रकल्पाला पाच वर्षांची मुदत घालणारी पद्धत संकलनाला पुरते, जतनाला पुरत नाही, ही या प्रकरणातील खरी उणीव होय.

तोच प्रकल्प आज उभा करायचा तर कायद्याची वाट अधिक अरुंद झालेली आहे. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा प्रथम १९७६ मध्ये झाला, २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणास बांधली गेली. सांस्कृतिक कार्य हा त्यात मान्य असलेल्या हेतूंपैकी एक आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने देणगी प्रथम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घेण्याची सक्ती केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण मनाई केली. हिशेबाच्या शिस्तीची गरज निर्विवाद आहे, पण तिसऱ्या तरतुदीचा भार सर्वाधिक गावाकडच्या कलेवर पडतो. प्रस्ताव लिहू शकणारी संस्था पुण्यात असते आणि गाणारी बाई सविंदण्यात, बैठक चौफुल्यात. शहरातील संस्थेने पैसा आणावा आणि त्यातील वाटा तालुक्यातील लहान संस्थेच्या हाती सोपवावा, ही सर्वांत स्वाभाविक रचना आता परदेशी निधीपुरती शक्य राहिलेली नाही, आणि गावातील मंडळाला दिल्लीत खाते उघडून, स्वतंत्र नोंदणी मिळवून आणि दर पाच वर्षांनी ती टिकवूनच थेट भागीदार होता येते.