विंडोज १० नंतरचा निर्णय

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नियमित मोफत अपडेट बंद केली. त्यानंतरही जुना संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, फाइली उघडतो, प्रिंट काढतो. फरक दिसत नाही, कारण तो सुरक्षेत पडलेला असतो. यापुढे सापडणाऱ्या त्रुटींवर दुरुस्ती आपोआप येत नाही.

अशी त्रुटी किती महागात पडते, हे २०१७ साली दिसले. विंडोजमधील एका त्रुटीवरची दुरुस्ती मार्चमध्ये आली होती. ती न बसवलेल्या संगणकांवर मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभर हल्ला केला. जूनमध्ये त्याच त्रुटीचाही फायदा घेणारा ‘नॉटपेट्या’ आला आणि न्हावाशेवा बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. म्हणून ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार, ईमेल किंवा कार्यालयाचे हिशेब चालतात, त्यावर नवी प्रणाली घेणे गरजेचे आहे. इंटरनेटला कधीच न जोडलेले, एकाच कामासाठी ठेवलेले यंत्र मात्र आहे तसे ठेवता येते.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० हा सुरक्षा घटक लागतो. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ संगणक पात्र आहे की नाही ते सांगते. टीपीएम नाही असे उत्तर आले, तरी ते अनेकदा बायोसमध्ये फक्त बंद असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ‘पीटीटी’, तर एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने ते सुरू करता येते. ४ जीबी रॅमवर काम रखडते. ८ जीबी आणि एसएसडी असल्यास ते सुसह्य होते.

यानंतर रोजची सॉफ्टवेअर तपासावीत. मराठी डीटीपीचे काम करणाऱ्यांनी तर आधी हेच पाहावे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो, आणि जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरला लागणाऱ्या हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर नव्या प्रणालीत चालेलच असे नाही.

प्रत्यक्ष बदलापूर्वी सर्व फाइलींचा बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेऊन त्यातल्या दोन-चार उघडून पाहाव्यात. डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. मग सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’मधूनच अपग्रेड करावे, ते मोफत असून त्यासाठी फॉरमॅट मारावा लागत नाही. अडचण आल्यास साधारणपणे १० दिवसांत मागे फिरता येते.

संगणक अपात्र असेल तर मायक्रोसॉफ्टच्या घरगुती वापरकर्त्यांसाठीच्या योजनेत नोंदणी करून विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवता येतात. अटी चुकवून विंडोज ११ बसवल्यास पुढील अपडेटची हमी राहत नाही. दुसरा पर्याय लिनक्स मिंटसारख्या मोफत प्रणालीचा आहे. ती पेनड्राइव्हवरून सुरू करून हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड तपासता येतो.