वाड्यावरचे बिनतारी इंटरनेट

घरी इंटरनेट असणे ही काही वर्षांपूर्वीपर्यंत हौसेची बाब समजली जात असे. आज तसे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, वीजबिलाचा भरणा, मुलांचे प्रवेशअर्ज, म्हाताऱ्या माणसांचे निवृत्तिवेतन, आखातात नोकरीस असलेल्या मुलाची आणि जहाजावर गेलेल्या जावयाची ख्यालीखुशाली, हे सारे आता एकाच वाटेने घरात येते. ज्या घरापर्यंत ही वाट पोहोचली नाही, ते घर शेजाऱ्यापेक्षा एका पिढीने मागे राहते. म्हणूनच पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या कौलांवर लोखंडी नळीच्या टोकाला बसवलेली जी लहानशी पांढरी पेटी अलीकडे दिसू लागली आहे, तिच्याकडे केवळ एक नवे खूळ म्हणून पाहता येणार नाही. घराचा टॉवरशी थेट संबंध जोडणारे हे बिनतारी इंटरनेट काय देऊ शकते, काय देऊ शकत नाही, आणि ते नीट मिळावे यासाठी कोणी काय करावयास हवे, याचा विचार आम्हाला आज अगत्याचा वाटतो.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली माणसे आजही आपल्यात आहेत. त्या प्रतीक्षेचे एक मोठे कारण म्हणजे एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तांब्याची तार. शेवटच्या मैलाची ही तारच काढून टाकावी, या विचाराने मद्रासच्या आयआयटीत प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात ‘कॉरडेक्ट’ नावाची पद्धती सिद्ध केली. घराच्या भिंतीवरच्या एका पेटीतून फोन आणि सेकंदाला ३५ किंवा ७० किलोबिट वेगाचे इंटरनेट ती देत असे. आजच्या मानाने हा वेग हास्यास्पद आहे. परंतु तत्त्व तेच होते. पुढे भारत संचार निगमने ‘भारत एअर फायबर’ या नावाने, परवान्याची गरज नसलेल्या लहरींवर आणि स्थानिक भागीदारांच्या साहाय्याने, खेड्यांतून ही सेवा देण्यास आरंभ केला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवा सुरू झाली, आणि त्यानंतर वर्षभराच्या आत, ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने व १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, जिओने त्या जाळ्यावरून घरगुती बिनतारी इंटरनेट विकावयास घेतले. टेलिफोनच्या तारेसाठी जिथे वर्षे लागत, तिथे आता बहुधा काही दिवसांत काम होते. ही प्रगती सामान्य नव्हे.

गोव्याच्या भूमीला तर ही सोय विशेष मानवणारी आहे. आपली गावे देशावरच्या गावांसारखी एका जागी गोळा झालेली नाहीत. एक वाडा नदीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. दहा घरे सड्याच्या पायथ्याशी, चार घरे कुळागरात, आणि एखादे घर भाटाच्या दुसऱ्या टोकाला एकटेच. अशा ठिकाणी फायबर केबल नेण्यास खर्च फार आणि ग्राहक थोडे. जमीन खणावी तर जांभा दगड. शिवाय रस्ता एका खात्याचा, जलवाहिनी दुसऱ्याची, आणि म्हादई, नेत्रावळी किंवा खोतीगाव अभयारण्याच्या लगत वनखात्याची परवानगी निराळी. मग केबल विजेच्या खांबावरून लोंबकळत येते आणि पहिल्याच वादळात माडाच्या झावळीखाली तुटून पडते. २०२० साली शाळा बंद होऊन वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा सत्तरी, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतील मुले रेंज मिळवण्यासाठी डोंगर चढून जात होती. त्या मुलांच्या घरांवर एक पेटी बसून जर तोच धडा ओटीवर बसून शिकता येत असेल, तर त्याचे स्वागत करण्यास आम्ही मुळीच कचरणार नाही.

तथापि हवेतून येणाऱ्या वस्तूलाही हवेचे नियम लागू असतात, आणि ते विक्रेत्याच्या इच्छेप्रमाणे बदलत नाहीत. लहरींची वारंवारिता जितकी कमी, तितक्या त्या लांब जातात आणि भिंतीतून शिरतात. पण वाहून आणतात थोडे. वारंवारिता जितकी जास्त, तितका माल अधिक; पण पल्ला आखूड आणि अडथळ्यांपुढे त्या लवकर हात टेकतात. फाइव्ह-जीसाठी मुख्यत्वे वापरल्या जाणाऱ्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी आठ-नऊ सेंटिमीटर असते. डोंगर आड आला की तिचा मार्ग खुंटतो. दाट झाडीतून जाताना पानापानाला ती थोडी थोडी झिजते. दोन हात जाडीच्या चिरेबंदी भिंतीने तर ती पुरती नामोहरम होते. म्हणूनच पेटी घराबाहेर, छपरावर बसवावी लागते आणि तेथून आत तारच आणावी लागते. बिनतारी म्हणवणारी ही सेवा शेवटच्या चाळीस-पन्नास हातांत तारेवाचून चालत नाही, हा विरोधाभास ग्राहकाने प्रथम ध्यानात घ्यावा.

यातून पावसाळ्याचा प्रश्न निर्माण होतो, आणि आपल्याकडे तो गौण नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस जिथे कोसळतो, तिथे वैशाखातील चाचणीवर विसंबणे शहाणपणाचे नाही. वास्तविक साडेतीन किंवा पाच गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाच्या धारा फारशा अडवीत नाहीत. सव्वीस गिगाहर्ट्झच्या लहरींना मात्र मुसळधार पाऊस भोवतो. खरी अडचण आहे ती भिजलेल्या पानांची आणि जोडांत शिरणाऱ्या पाण्याची. उन्हाळ्यात जे झाड निष्पर्ण असते, ते आषाढात पाण्याने निथळणारी हिरवी भिंत होऊन उभे राहते. मे महिन्यात टॉवर स्वच्छ दिसतो म्हणून केलेली जोडणी जुलैत धापा टाकू लागते, आणि ग्राहक राउटरला दोष देत बसतो. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्याने नळी, पट्ट्या आणि खिळे गंजतात. मृगापूर्वीच्या गडगडाटात छपरावरची सर्वांत उंच वस्तू ही नळीच असते, हेही विसरून चालत नाही.

यास्तव जोडणी घेणाऱ्या गृहस्थाने पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. आपले घर कोणत्या टॉवरवर जोडले जाणार, तो किती अंतरावर आहे आणि मध्ये काय आड येते, हे कंपनीच्या माणसाने छपरावर चढून, मोजणी करून दाखवावे; अंगणात उभे राहून मोबाइल पाहून सांगितलेले उत्तर पुरेसे मानू नये. नळी भक्कम भिंतीला धरून बसवावी, कौलांच्या रिपांना नव्हे. अन्यथा पहिल्या वाऱ्यात नळी हलेल आणि दुसऱ्या पावसात माळ्यावर पाणी ठिबकेल. बाहेरून येणारी केबल भोकापाशी थोडी खाली लोंबती ठेवून मग आत घ्यावी, म्हणजे पाणी वळणावरून गळून जाते. या एकाच केबलमधून पेटीला वीजही पुरवली जाते, म्हणून ती उन्हापावसात टिकणारी असावी. नळीला अर्थिंग करून घ्यावे आणि वीज कडाडू लागताच प्लग काढून ठेवावा. राउटर कपाटात किंवा देवघराच्या कोपऱ्यात न लपवता घराच्या मध्यावर ठेवावा. राजांगणाच्या चारी बाजूंस खोल्या असलेल्या मोठ्या घरात एक राउटर पुरणारच नाही, तर दुसरा लागेल. वीज गेली की सारे बंद पडते, म्हणून लहानसा बॅटरीचा संच जोडून घ्यावा. राउटर आणि पेटी यांस वीज फार लागत नाही.

आणखी एक बाब खास आपल्या घरांची. गोव्यातील पुष्कळ जुनी घरे समाईक आहेत. एक भाऊ येथे राहतो, दुसरा मुंबईस, आणि तिसऱ्याच्या वाट्याच्या खोलीला कुलूप असते. छपरावर काही बसवण्यापूर्वी सहहिस्सेदारांच्या कानावर घालणे हे सौजन्यही आहे आणि पुढचा तंटा टाळण्याचा उपायही.

कंपन्यांच्या बाबतीत आमचे म्हणणे थोडे कडक आहे. जाहिरातीत ‘शंभर मेगाबिटपर्यंत’ असे छापलेले असते. त्यातील सारे कपट ‘पर्यंत’ या एका शब्दात दडलेले आहे. शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, हे गणित ग्राहकाला कोणी सांगत नाही. टॉवरची क्षमता त्याच्या छायेतील सर्वांनी वाटून घ्यावयाची असते. दुपारी तीन वाजता भरधाव चालणारी सेवा रात्री नऊ वाजता रांगू लागते ती यामुळेच. दुपारी दाखवलेला वेग हा खरा वेग नव्हे. रात्रीचा वेग पाहावा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ किलोबिटवरून दोन मेगाबिटवर नेली, पण शंभराची जाहिरात करणाऱ्याला दोनाची मर्यादा काय धाक घालणार? कंपन्यांनी ठिकाणानुरूप अपेक्षित वेग लेखी द्यावा, जोडणीनंतर पहिला पावसाळा हा परीक्षेचा काळ मानावा आणि त्यात सेवा न टिकल्यास अनामत विनातक्रार परत करावी, अशी आमची मागणी आहे. ग्राहकानेही मुकाट्याने सोसू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनी तक्रारीला क्रमांक देण्याची आणि त्यावर समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागण्याची सोय केलेली आहे. क्रमांक न घेता केलेली तक्रार म्हणजे नदीत टाकलेला खडा.

परंतु केवळ कंपन्यांना बोल लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या गावात रेंज नाही म्हणून ओरड होते, त्याच गावच्या ग्रामसभेत टॉवर नको असा ठराव एकमुखाने संमत होतो, हे दृश्य गोव्याला अपरिचित नाही. लोकांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींची नोंद ‘कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेल्या’ गटात केली, हे खरे आहे. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे असा होतो, हेही तितकेच खरे आहे. त्यानंतर १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी खाली आणली. २०१७ साली ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर टॉवरची माहिती खुली करण्यात आली आणि शुल्क भरून मोजणी मागवण्याची तरतूदही झाली. शिवाय टॉवर दूर असला की कानाशी धरलेला मोबाइल अधिक जोर लावून लहरी सोडतो, ही गोष्ट विरोधकांच्या भाषणांत क्वचितच येते. टॉवर दूर ठेवून आपण धोका दूर ठेवतो असे नाही. कित्येकदा तो खिशात घेऊन फिरतो. ग्रामसभेने जागेबद्दल हट्ट धरावा, मोजणीचे आकडे मागावेत, शाळेपासूनचे अंतर विचारावे. तो तिचा अधिकारच आहे. पण टॉवरही नको आणि रेंज मात्र हवी, ही मागणी पुरवणारे यंत्र अजून कोणी निर्माण केलेले नाही.

सरकारचे काम याच्याही मागचे आहे. छपरावरची पेटी टॉवरशी बोलते. पण टॉवर कशाशी बोलतो? त्याच्या पायथ्याशी दणकट फायबर केबल नसेल, तर सारा वाडा एका अरुंद साकवावरून ये-जा करणार. केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पंचायतघरापर्यंत केबल पोहोचली म्हणजे गाव जोडला गेला, अशी कागदोपत्री समजूत करून घेता येईल. पण पंचायतघरापासून तीन मैलांवरच्या वाड्यातील मुलीला त्याचा उपयोग काय? पंचायतघरापर्यंत तार आणि तेथून वाड्यापर्यंत हवा, अशी सांगड घालणे हेच आपल्या भूमीला योग्य. त्यासाठी रस्ता खणताना एकदाच नळ घालून ठेवणे, टॉवर एका कंपनीने उभारला तरी तो सर्वांनी वापरणे, आणि आडबाजूच्या टॉवरना पावसाळ्यात वीज अखंड मिळेल असे पाहणे, ही कामे सरकारची आहेत. ती खासगी कंपन्यांच्या नफ्यातोट्यावर सोडली, तर कळंगुटला चार टॉवर होतील आणि नेत्रावळीच्या आतील वाड्याला एकही मिळणार नाही.

बिनतारी इंटरनेटने तारेची गरज संपवली नाही. तिची जागा बदलली आहे. पूर्वी ती घराच्या दारापर्यंत लागे, आता टॉवरच्या पायथ्यापर्यंत लागते. तेवढे अंतर कापण्याची जबाबदारी सरकारने उचलावी, तेथून पुढचे खरे-खोटे कंपनीने प्रामाणिकपणे सांगावे, टॉवरची जागा गावाने विचारपूर्वक द्यावी, आणि गृहस्थाने आषाढातील वेग पाहूनच जोडणी पक्की समजावी. या चौघांपैकी एकाने जरी अंग काढून घेतले, तरी वाड्यावरच्या मुलाला पुन्हा एकदा पुस्तके घेऊन डोंगर चढावा लागेल. तशी पाळी २०२० साली एकदा आली, तेव्हा अचानक आलेल्या संकटाचे निमित्त होते. दुसऱ्यांदा आली, तर तेही निमित्त उरणार नाही.