डॅशबोर्डातला शेवटचा डेक

घरातला टेपरेकॉर्डर आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हाच भंगारवाल्याला दिला. कॅसेटी मात्र दिल्या नाहीत. त्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. बाजारातून आणलेल्या कॅसेटींचे फारसे बिघडत नाही. त्यांतले पुष्कळसे आज दुसरीकडे ऐकायला मिळते. पण त्यांच्यातच एखादी कोरी आणून भरलेली असते. आजोबांचे कीर्तन, आत्याने बारशाला म्हटलेला पाळणा, गावच्या तमाशातली बतावणी. तिची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. आणि ती वाजवू शकेल असे एकच यंत्र घरात उरलेले असते : जुन्या गाडीच्या डॅशबोर्डातला स्टिरिओ.

ध्वनिमुद्रणे गोळा करण्याच्या नादात मी गेली अनेक वर्षे अशा घरांत जातो. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. यंत्रांचे जे काही कळते ते पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुरुस्तीच्या बाकड्यांशेजारी उभे राहून शिकलेलो. त्या आधारावर, असा बिघडलेला स्टिरिओ दुरुस्त करावा की बदलावा, या प्रश्नाचा येथे विचार करतो. प्रश्न गाडीचा वाटतो, पण पणाला लागलेला असतो तो आवाज.

कॅसेट ही फिलिप्स कंपनीची निर्मिती. लू ओटेन्स यांच्या नेतृत्वाखाली ती घडली आणि १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिच्यातली फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे सुमारे ८६ मीटर फीत. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात या स्वस्त वस्तूने संगीताचा बाजार कसा उलटापालटा केला, ते पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ सालच्या पुस्तकात उत्तर भारताच्या संदर्भात मांडले आहे. महाराष्ट्रात भीमगीते, भारुडे, कथाकथने याच वाटेने टॅक्सीत, टेम्पोत आणि ट्रकमध्ये पोहोचली.

त्या काळातल्या प्रीमियर पद्मिनीत किंवा मारुती ८०० मध्ये स्टिरिओ बहुधा मालकाने बाजारातून आणून बसवलेला असे. त्यामुळे त्याच्या वायरी कशा जोडल्या आहेत, हे गाडीच्या पुस्तकात सापडत नाही. ते बसवणाऱ्यालाच ठाऊक होते. दुरुस्तीची पहिली अडचण ही.

आता आतले यंत्र पाहू. फितीला ओढते ते चाक नव्हे, तर दोन-तीन मिलिमीटर जाडीची एक फिरती पोलादी दांडी. तिला कॅपस्टन म्हणतात. तिच्यावर रबरी रोलर दाबून बसतो आणि दोघांच्या चिमटीतून फीत एकसारख्या वेगाने पुढे सरकते. पुढे आलेली फीत गुंडाळून घेण्याचे काम दुसरे रीळ करते. गुंडाळी जाड होत जाते तसे या रिळाला हळूहळू मंद व्हावे लागते. म्हणून त्याच्याखाली घसरणारा क्लच असतो. हे सगळे एका मोटरवर आणि एखाद-दोन रबरी पट्ट्यांवर चालते.

‘टेप कॅसेट खातो’ म्हणजे काय, ते यावरून उलगडते. पट्टा सैल झाला किंवा क्लच गुळगुळीत झाला की गुंडाळणारे रीळ थांबते. कॅपस्टन मात्र फीत ढकलतच राहतो. दहा सेकंदांत जवळजवळ अर्धा मीटर फीत आत साचते आणि चिकट झालेल्या रोलरभोवती गुरफटते. मग बटण दाबून ओढले की चुरगळते किंवा तुटते. ज्यांनी षट्कोनी पेन्सिलीने कॅसेट फिरवली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको.

बिघाड ओळखायला क्रम लागतो. रेडिओ आणि टेप दोन्ही मुके असतील तर आधी फ्यूज आणि अर्थिंग तपासावे. रेडिओ वाजतो आणि टेप फिरूनही आवाज येत नाही, तर दोष हेडकडे किंवा त्याच्या जोडणीत. आवाज रडका, ओढल्यासारखा येतो, तर पट्टा किंवा मोटर. आवाज दबलेला, ‘स’ आणि ‘श’ बोथट, तर हेडवर मळ बसला आहे किंवा हेडचा कोन बिघडला आहे. स्टिरिओ कॅसेटवरचा एकेक पट्टा जेमतेम ०.६ मिलिमीटरचा, त्यामुळे हेड केसभर तिरपे झाले तरी आवाजाची धार जाते.

यांपैकी बरेचसे दोष स्वस्तात सुटतात. हेड आणि कॅपस्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. जुना पट्टा वितळून डांबरासारखा झाला असेल तर पुलीवरचा थर पूर्ण काढल्याशिवाय नवा चढवू नये. खरी अडचण हेड झिजले किंवा मोटर जळली की येते. सुटे भाग तेव्हा दुसऱ्या मेलेल्या स्टिरिओतूनच काढावे लागतात.

तेथे बदलण्याचा विचार रास्त ठरतो. १८० बाय ५० मिलिमीटरची खाच असेल तर आजचा साधा स्टिरिओ त्यात बसतो. बाजारातल्या बहुतेक सेटमध्ये पिवळी वायर सततच्या बारा व्होल्टची, लाल चावीवरची आणि काळी अर्थची असते. मात्र एक सांभाळावे. काही जुन्या सेटमध्ये स्पीकरची एक वायर थेट गाडीच्या पत्र्याला जोडलेली असे. आजच्या बहुतेक सेटना ते चालत नाही. तशीच जोडणी ठेवली तर आतली आयसी जळू शकते. स्पीकरपासून दोन स्वतंत्र वायरी ओढाव्यात.

जुना चेहरा राखायचा असेल तर मधली वाट आहे. कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो. त्यातले छोटे हेड स्टिरिओच्या हेडला फोनमधले गाणे चुंबकीय रूपात ऐकवते. कुशल कारागीर व्हॉल्यूमच्या आधी डाग देऊन, मध्ये कपॅसिटर घालून, फोनसाठी स्वतंत्र वायरही काढून देतो. डॅशबोर्ड तसाच राहतो, फिती सुटतात.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिची बातमी झाली, छायाचित्रे निघाली. गाडीला निरोप मिळतो. ट्रंकेतल्या कॅसेटला मिळत नाही.

म्हणून माझे मत असे : स्टिरिओ दुरुस्त करा किंवा बदला, पण घरची एकुलती कॅसेट त्यात घालू नका, दुरुस्तीनंतरची चाचणी घ्यायला तर मुळीच नाही. चाचणीला बाजारातली, हरवली तरी चालेल अशी कॅसेट वापरावी. घरची कॅसेट बंद गाडीच्या उन्हात ठेवू नये. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवूच नये, जाणकाराकडे द्यावी. बाकीचीसाठी एक नीट चालणारा घरगुती डेक मागून आणावा. आधी कॅसेटच्या मागच्या काठावरचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले जाऊन आवाज पुसला जाणार नाही. मग फीत एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून सैल करावी आणि संगणकावर न आकसवलेल्या स्वरूपात उतरवून घ्यावी. फाईलच्या नावात कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल, एवढे लिहावे. आवाज ओळखणारी माणसे घरात आहेत तोवरच हे लिहिता येते.