यंत्राने केलेली यंत्राची नक्कल

नक्कल या शब्दाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. परीक्षेत केली तर तो गुन्हा ठरतो आणि स्नेहसंमेलनात केली तर करमणूक. संगणकशास्त्रात मात्र नक्कल ही एक कष्टसाध्य विद्या आहे. एका यंत्राने दुसऱ्या यंत्रासारखे इतके तंतोतंत वागायचे की, त्या दुसऱ्या यंत्रासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला आपण परक्या घरी आलो आहोत याचा पत्ताही लागू नये, असे तिचे स्वरूप आहे. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला 'एम्युलेटर' म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला 'अनुकारक' म्हणू.

विषय कोरडा होऊ नये म्हणून एकच उदाहरण घेतो. १९९० नंतरच्या काळात घरच्या टीव्हीला जोडून खेळला जाणारा व्हिडिओ गेम आज पीएसपी नावाच्या हातात मावणाऱ्या, पण स्वतःही आता जुन्या झालेल्या यंत्रावर कसा चालतो, हे पाहू.

कॅसेटींचा काळ

मी ग्वाल्हेरचा. आमचे घर हजीरा भागात. बाहेरचा माणूस हजीरा ओळखतो तो महंमद गौस आणि तानसेन यांच्या समाध्यांमुळे. आम्हा मुलांच्या लेखी मात्र त्या काळी हजीऱ्याचे मोठेपण तासाच्या भाड्याने व्हिडिओ गेम खेळू देणाऱ्या दुकानांत होते. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि त्या दुकानात दोन्हींची खिचडी, अशी आमची भाषा. खेळाच्या खोक्याला आम्ही 'गेम' म्हणायचो, त्यात खुपसायच्या प्लॅस्टिकच्या वडीला 'कॅसेट' आणि हातातल्या बटणांच्या पट्टीला 'रिमोट'.

हा खोका म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राची प्रतिकृती. समुराई, मीडिया अशा नावांनी या जातीची यंत्रे आपल्याकडे विकली जात. म्हणजे नकलेची सुरुवात तेथेच झाली होती! त्या कॅसेटींपैकी बहुतेक विनापरवाना काढलेल्या असत. वेष्टनावर 'नऊ लाख नव्याण्णव हजार खेळ' छापलेले असे आणि आत मोजके दहाबारा खेळच नावे बदलून, पातळ्या बदलून पुन्हा पुन्हा येत. मारिओ, काँट्रा, बदकांची शिकार ही नावे त्या पिढीतल्या कोणाही वाचकाला सांगावी लागणार नाहीत.

त्या खोक्याच्या पोटात जे होते ते आजच्या मानाने अगदीच तुटपुंजे होते. सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके देणारा प्रोसेसर, २ किलोबाइट कामाची स्मृती, आणि चित्र काढण्यासाठी एक वेगळी चिप. १९८५ साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसतो. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा व्यापते.

कॅसेटमधील माहिती म्हणजे खेळ नव्हे

येथे एक प्रश्न उभा राहतो. खेळ जर ४० किलोबाइटचा असेल, तर तेवढी माहिती उतरवून घेतली की खेळ जतन झाला असे का म्हणू नये?

याचे उत्तर आमच्या गावच्या संगीताच्या इतिहासात सापडते. तानसेनाचा आवाज कोणी मुद्रित केलेला नाही. तशी सोयच नव्हती. ग्वाल्हेरची ख्यालगायकी मात्र आजही जिवंत आहे, कारण ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे राहून ती शिकले, दक्षिणेकडे घेऊन आले आणि पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांना त्यांनी तालीम दिली. चीजेचे शब्द व स्वरलिपी वहीत उतरवता येते. पण स्वर कोठे किती थांबायचा, समेवर कसे यायचे, हे वही सांगत नाही. ते गुरूच्या वागण्यातून शिष्याने उचलायचे असते.

कॅसेटमधील माहिती ही त्या वहीसारखी आहे. ती वाचणारे यंत्र कसे वागते, किती वेळ घेते, कोठे अडखळते, हे त्या माहितीत कोठेही लिहिलेले नाही. खेळ लिहिणाऱ्याने ते गृहीत धरलेले असते. अनुकारकाला नेमके हे न लिहिलेले पुन्हा उभे करायचे असते.

एक उदाहरण देतो. मारिओ पळू लागला की सारे दृश्य डावीकडे सरकते, पण वरची गुणांची पट्टी जागच्या जागी राहते. फॅमिकॉमच्या चित्रचिपला पट्टी वेगळी ठेवण्याची सोयच नव्हती. मग हे साधले कसे? टीव्हीवरचे चित्र ओळीओळीने वरून खाली रंगवले जाते. पट्टीतल्या नाण्याच्या तळाशी एक छोटे चित्र मुद्दाम ठेवलेले आहे. रंगवता रंगवता चिप त्या चित्रापाशी आली की एक खूण करते. प्रोग्रॅम त्या खुणेची वाट पाहत थांबलेला असतो. खूण मिळताच तो चिपला सांगतो, 'आता येथून खालचे सगळे सरकवून काढ.' प्रत्येक चित्रात, सेकंदाला सुमारे ६० वेळा, हा खेळ चालतो. अनुकारकाने ही वेळ थोडी चुकवली की पट्टी थरथरते. खूण मुळीच दिली नाही, तर प्रोग्रॅम वाट पाहत बसतो आणि खेळ तेथेच गोठतो.

पीएसपीच्या अंगी किती बळ?

आता ज्या यंत्रावर ही नक्कल करायची त्याच्याकडे वळू. 'प्लेस्टेशन पोर्टेबल' ऊर्फ पीएसपी सोनी कंपनीने डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये बाजारात आणले. माझ्याकडचे आहे ते पुण्याच्या आतेभावाने वापरून झाल्यावर मला दिलेले. त्याचा प्रोसेसर सेकंदाला जास्तीत जास्त ३३ कोटी ३० लाख ठोके देतो. पडदा ४८० बिंदू रुंद व २७२ बिंदू उंच. कंपनीच्या मूळ व्यवस्थेत बाहेरचे अनुकारक चालत नाहीत. त्यासाठी हौशी मंडळींनी तयार केलेली बदललेली व्यवस्था यंत्रात घालावी लागते.

थोडे गणित करू. पीएसपीच्या ठोक्यांना फॅमिकॉमच्या ठोक्यांनी भागले तर सुमारे १८६ येतात. म्हणजे जुन्या यंत्राच्या एका ठोक्याची नक्कल करायला नव्या यंत्राला १८६ ठोके मिळतात. हे भरपूर वाटेल. पण तेवढ्यात प्रोसेसरची आज्ञा वाचायची, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायची, त्याच अवधीत मूळ चित्रचिपने रंगवलेले तीन बिंदू काढायचे आणि आवाजही सांभाळायचा. तरीही फॅमिकॉमचे खेळ पीएसपीवर सुखाने चालतात.

पुढच्या पिढीकडे गेलो की गणित आवळत जाते. १९९० साली आलेल्या 'सुपर फॅमिकॉम'चा प्रोसेसर सुमारे दुप्पट वेगाचा, शिवाय आवाजासाठी त्यात स्वतंत्र प्रोसेसर आणि चित्रासाठी दोन चिपा. येथे पीएसपीला धाप लागते. अनुकारक मग मधली काही चित्रे काढायचीच सोडून देतो आणि पडद्यावरची हालचाल तुटक दिसते.

२००१ सालचे 'गेम बॉय ॲडव्हान्स' घेतले तर एका ठोक्याला जेमतेम २० ठोके उरतात. एकेक आज्ञा वाचून अर्थ लावण्याची पद्धत येथे पुरी पडत नाही. म्हणून 'जीपीएसपी' या अनुकारकाने वेगळा मार्ग घेतला. तो जुन्या यंत्राच्या आज्ञांचा एक सबंध तुकडा उचलतो, पीएसपीच्या भाषेत त्याचे एकदाच भाषांतर करून ठेवतो आणि तोच तुकडा पुन्हा आला की तयार भाषांतर वापरतो. वाक्यागणिक थांबणारा दुभाषा आणि आधीच भाषांतरित केलेले पुस्तक, यांत जो फरक तोच येथे आहे.

याच्या उलट टोकही पाहण्यासारखे आहे. सुपर फॅमिकॉमच्या प्रत्येक बारीक लकबीसकट नक्कल करायची तर काय लागते? 'बीस्नेस' या अनुकारकाच्या कर्त्याने २०११ च्या सुमारास दाखवून दिले की, त्यासाठी सेकंदाला ३०० कोटी ठोक्यांच्या घरातला संगणक हवा. मूळ यंत्र चालत होते ३५ लाख ठोक्यांवर! नक्कल जितकी प्रामाणिक, तितकी ती महाग.

सुधारणा करावी काय?

फॅमिकॉमची चित्रचिप एका ओळीत जास्तीत जास्त आठ हलती चित्रे दाखवू शकते. नववे आले की ते दिसत नाही. म्हणून काँट्रात शत्रूंची आणि गोळ्यांची गर्दी झाली की चित्रे लुकलुकू लागतात. आम्हाला वाटायचे, कॅसेट खराब झाली. कोणीतरी ती काढून तीत फुंकर मारी आणि पुन्हा बसवी. (फुंकरीतील दमटपणाने धातूचे पाय उलट गंजतात, खरा गुण यायचा तो काढून पुन्हा बसवण्यामुळे.)

अनेक अनुकारकांत ही आठांची मर्यादा काढून टाकण्याची सोय असते. मग लुकलुकणे बंद होते. पण काही खेळांच्या कर्त्यांनी हीच मर्यादा मुद्दाम वापरली होती: ओळीत आठ रिकामी चित्रे भरून ते नवव्याला पडद्याआड घालवत. मर्यादा काढली की जे लपायचे ते उघडे पडते. शिष्याने गुरूची उणीव सुधारायला जावे आणि तीच गुरूची खुबी निघावी, तशी गत होते.

काही सोयी मात्र निःसंशय हितकर आहेत. त्या काळच्या बहुतेक कॅसेटींत खेळ राखून ठेवता येत नसे. सातव्या पातळीवर असताना वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. अनुकारक कोणत्याही क्षणी सारे यंत्र जसेच्या तसे गोठवून ठेवू शकतो. फॅमिकॉमची सर्व स्मृती मिळून काही किलोबाइटच असल्याने ही त्या यंत्राची क्षणचित्रे मेमरी कार्डावर सहज मावतात.

जे नकलेत येत नाही

बदकांच्या शिकारीची बंदूक आठवून पाहा. तिच्यातून काहीही सुटत नसे. उलट ती पाहत असे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नळीतल्या प्रकाशसंवेदकाला तो दिसला तर नेम लागला. हे सारे काचेच्या जाड नळीच्या टीव्हीवर आणि त्याच्या ठरलेल्या वेळेवर अवलंबून होते. पीएसपीवर बंदूक नाही आणि तशी नळीही नाही. तेथे फुलीचे चिन्ह सरकवून बटण दाबता येईल. त्यात बदक पडेल, पण नेम धरणे उरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. काँट्रा हा दोघांनी मिळून खेळायचा खेळ. दोन रिमोट, मागे पाळीची वाट पाहणारी पाचसहा मुले आणि प्रत्येकाचा फुकटचा सल्ला. पीएसपी एकाच्या तळहाताएवढे. अनुकारक खेळ वाचवतो. त्याभोवतीची बैठक वाचवत नाही. हजीऱ्यातली ती दुकाने आता नाहीत, आणि ती कोणत्याही मेमरी कार्डावर सापडणार नाहीत.

मग हे करावे कशासाठी?

कायद्याचेही दोन शब्द. अनुकारक लिहिणे हा गुन्हा नव्हे. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली असा निर्णय दिला की, अनुकारक तयार करण्यासाठी मूळ यंत्रातील प्रोग्रॅमचा अभ्यास करणे व त्यासाठी त्याची नक्कल काढणे हा न्याय्य वापर होय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे त्याला ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी तात्पुरती राखीव प्रत काढू देते. दुसऱ्याचे खेळ वाटेल तेथून उतरवून घेण्याला मात्र त्यात आधार नाही. खेळ जुना झाला म्हणून त्याची मालकी संपत नाही.

आणि येथेच खरी अडचण आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. मालक विकत नाही, कायदा उतरवू देत नाही आणि मूळ यंत्रे तर एकेक करून बंद पडत आहेत. पीएसपीचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. त्याच्या जुन्या बॅटऱ्या आता फुगू लागल्या आहेत. आज जे यंत्र दुसऱ्याची नक्कल करते, त्याचीच नक्कल संगणकावर करणारे अनुकारक केव्हाच तयार झाले आहेत.

ही साखळी अशीच चालायची. प्रत्येक यंत्र मरणार. त्याचे वागणे पुढच्या यंत्राने शिकून घेतले तरच त्यासाठी लिहिलेले काही मागे उरेल. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर फॅमिकॉमचा अनुकारक लिहिण्याइतका उत्तम विषय मला दुसरा सुचत नाही. प्रोसेसर, स्मृती, चित्र, ध्वनी आणि वेळ या पाचांची गाठ त्यात पडते. लिहून पाहा. गुणांची पट्टी पहिल्याने थरथरेल. ती स्थिर होईल त्या दिवशी चाळीस वर्षांपूर्वी एका जपानी अभियंत्याने काय विचार केला होता, ते कोणीही न सांगता तुम्हाला कळलेले असेल.