ताटातले उष्टे आधी तोला

वसतिगृहाच्या मेसमध्ये एखाद्याने एका जेवणात ५० ग्रॅम अन्न टाकले, तर कुणाचे लक्षही जात नाही. दोन-तीन घास भात, एवढेच. पण १,००० विद्यार्थी आणि दोन वेळची जेवणे धरली की त्याचे १०० किलो होतात. मेस वर्षाला ३०० दिवस चालली, तर ३० टन.

१०० किलो हा आकडा कायद्यातही आहे. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरा निर्माते ठरवले, त्यात विद्यापीठे आणि वसतिगृहे आली. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही १०० किलोचा निकष कायम आहे आणि कचऱ्याचे ओला, सुका, सॅनिटरी व विशेष काळजीचा असे चार भाग करायचे आहेत. म्हणजे भाज्यांची देठे, कॅन्टीन, बागेचा पालापाचोळा यांतले काहीही न मोजता, केवळ ताटातल्या घासांवर एक वसतिगृह या मर्यादेला टेकते.

जगाचा हिशेब याच दिशेने बोट दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा १९ टक्के भाग. त्यातले ६० टक्के घरांतले आणि २८ टक्के, म्हणजे सुमारे २९ कोटी टन, खानावळी, हॉटेले, मेस अशा ठिकाणचे.

यावर विद्यापीठांकडून हमखास मिळणारे उत्तर म्हणजे बायोगॅस प्रकल्प. या तंत्रात महाराष्ट्राने मोलाची भर घातली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ प्रकल्प विकसित केला, तर पुण्याच्या ‘आरती’ संस्थेच्या छोट्या, खरकट्यावर चालणाऱ्या संयंत्राला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. तंत्र खरे आहे आणि चालते. पण त्यातून हाती काय लागते, तेही पाहू. १०० किलो खरकट्यातून साधारण ८ ते १० घनमीटर गॅस मिळतो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे जेमतेम ४५० ग्रॅम एलपीजी. म्हणजे दिवसाला सुमारे ४ किलो एलपीजी वाचेल. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर पाचेक दिवसांत एक.

आता उलट बाजू. १०० किलो शिजलेला भात म्हणजे ३५ ते ४० किलो तांदूळ. किलोला ४० रुपये धरले, तरी १,४०० ते १,६०० रुपये. व्यावसायिक एलपीजी ९० रुपये किलो धरला, तर परत मिळालेला गॅस ३६० रुपयांचा. तांदळाच्या किमतीचा चौथा हिस्साच परत आला, आणि शिजवायला लागलेला गॅस, आचाऱ्याची मजुरी यात धरलेलीच नाही. पाणी तर हिशेबाबाहेरच राहते: एक किलो साळ (टरफलासकट तांदूळ) पिकवायला सरासरी २,५०० लिटर पाणी लागते, आणि साळीचे वजन तांदळाहून जास्त भरते. म्हणजे १०० किलो शिजलेला भात ताटात राहिला, तर शेतातले सव्वा लाख लिटरहून जास्त पाणी फुकट गेले. म्हणून माझे ठाम मत आहे की विद्यापीठाने पहिला पैसा वजनकाट्यावर खर्च करावा, संयंत्रावर नंतर.

वजन मात्र सरसकट एकच करू नये. चिरताना निघालेला कचरा, पातेल्यात उरलेले अन्न आणि ताटातले उष्टे हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे तीन वेगळे डबे हवेत. कांद्याची साले आणि चहाचा चोथा टळणार नाहीत, ते खताकडे जातील. पातेल्यात उरते ते अंदाज चुकल्यामुळे: शनिवार-रविवारी मुले घरी जातात, परीक्षा संपताच पंगत निम्मी होते, आणि स्वयंपाक मात्र नेहमीच्या मापाने होतो. आदल्या रात्री हजेरी कळवण्याची सोय एवढा एकच बदल इथे बरेच काही करू शकतो. हे अन्न अजून कुणाच्या ताटात गेलेले नसते, त्यामुळे नीट राखले तर ते गरजूंपर्यंत पोहोचवता येते. त्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) २०१९चे नियम आहेत.

ताटातल्या उष्ट्यावर अमेरिकेतला एक प्रयोग बोलका आहे. अरामार्क या खानपान कंपनीने २००८ साली २५ संस्थांमध्ये १,८६,००० जेवणांची पाहणी केली. ट्रे काढून टाकल्यावर माणशी उष्टे २५ ते ३० टक्क्यांनी घटले, म्हणजे ३४ ते ५१ ग्रॅमनी. मुलांना कुणी उपदेश केला नव्हता. एका फेरीत भरभरून घेण्याची सोय तेवढी गेली होती. आपल्या मेसमध्ये हेच काम लहान डाव आणि हवे तितक्या वेळा वाढण्याची तयारी करू शकते. पोट भरण्यावर बंधन अजिबात नको. पहिली वाढ थोडी असावी, इतकेच.

जे उरेल त्याचे खत करायला विद्यापीठाइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे झाडे आहेत. खतासाठी कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ लागते. खरकट्यात ते १५-२० च्या आसपास असते, वाळल्या पानांत ५० च्या वर. दोन्ही मिसळले की वास येत नाही आणि ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापतो. अडचण वेळापत्रकाची आहे. आपल्याकडे पानगळ मुख्यतः जानेवारी ते मार्च, आणि सुक्या पानांची सर्वांत जास्त गरज पावसाळ्यात, कारण तेव्हा ढीग चिंब होतो. म्हणून फेब्रुवारीतला पाला जाळणे म्हणजे जुलैचे खत जाळणे. तो पोत्यांत भरून छपराखाली ठेवला पाहिजे. एवढे केले तर १०० किलो ओल्या कचऱ्यातून २० ते २५ किलो खत मिळते. हाच कचरा डेपोवर दबून कुजला असता तर मिथेन सुटला असता, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो.

बायोगॅसलाही सुट्ट्यांचा फटका बसतो. मे महिन्यात मेस बंद, संयंत्र उपाशी. वसतिगृह उघडताच पूर्ण भार टाकला की आम्ल वाढते आणि मिथेन बनवणारे जिवाणू मंदावतात. भार हळूहळू वाढवावा लागतो, आणि ते सांभाळणारा पगारी माणूस नेमावा लागतो.

प्रयोगशाळेतला जैविक कचरा या साखळीत कधीही येता कामा नये. जंतूंची संवर्धने, प्राण्यांचे अवयव यांना २०१६चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू होतात: संवर्धने ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला किमान ६० मिनिटे, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त साठवायचा नाही, आणि रोजची नोंद. रोज नोंद करण्याची ही शिस्त विद्यापीठाच्या एका इमारतीत आधीच रुजलेली आहे. तीच मेसमध्ये न्यायची आहे.

विद्यार्थी प्रतिनिधींना आणि मेस समित्यांना माझी विनंती आहे: येत्या सत्रात सलग सात दिवस तिन्ही डबे तोला, जेवणाऱ्यांची संख्या शेजारी लिहा आणि माणशी किती ग्रॅम उष्टे पडले ते मेसच्या दारावरच्या फळ्यावर रोज लावा. संयंत्राच्या निविदा त्यानंतर काढा.